सुन्न दुःखाची कविता कशी वाचावी, आणि लिहायची झाली तर कशी लिहावी

घरातलं माणूस गेलं की पहिले काही दिवस सगळेच रडत नाहीत. कोणी फोन लावून पाहुण्यांच्या गाडीची वेळ विचारत असतं, कोणी दहाव्याला तांदूळ किती लागतील याचा हिशेब करतं, कोणी गेलेल्या माणसाच्या औषधांच्या पट्ट्या तारखेनुसार लावून ठेवतं. आत सगळं थिजलेलं असतं आणि हात चालू असतात. बघणाऱ्याला वाटतं, हिला काही वाटतच नाही. मराठी कवितेनं ही अवस्था फार जवळून पाहिलेली आहे. पण तिचं वाचन आपण बहुतेक वेळा रडक्या सुरात करतो, आणि मग कवीनं जे जपून ठेवलेलं असतं ते आपल्या गळ्यातच वाहून जातं.

मी जळगावची. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवलं, निवृत्त झाले, आणि आता महिन्यातून एकदा वाचनालयातल्या मागच्या खोलीत आम्ही काही जण कविता वाचायला बसतो. नुकतंच कोणी गेलेलं आहे अशी माणसं तिथं बरीच येतात. त्यांच्यासोबत वाचताना जी पद्धत बसत गेली, ती इथं मांडते.

आधी आवाज उतरवा

कविता मोठ्यानं वाचायची, पण किराण्याची यादी वाचावी तशी. हुंदका आणायचा नाही, ओळीच्या शेवटी आवाज लांबवायचा नाही. शाळेतल्या काव्यगायन स्पर्धांनी आपल्याला उलट सवय लावली आहे: करुण कविता म्हटली की सूर थरथरायलाच हवा. ही सवय सुटायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला दुसऱ्याला वाचायला सांगावं आणि आपण डोळे मिटून ऐकावं. सपाट आवाजात वाचल्यावर जी ओळ आपोआप अडखळायला लावते, तिच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवायची. त्या रेघेचं काम पुढे आहे.

विशेषणं सोडा, क्रियापदं धरा

यासाठी मी नेहमी तुकोबांपासून सुरुवात करते. 1630 च्या आगेमागे जो भीषण दुष्काळ पडला, त्यात देहूच्या या सधन घराचं होत्याचं नव्हतं झालं. संतांनी विचारलं म्हणून ते आपली हकीकत सांगतात. सुरुवातीलाच म्हणतात, ‘नये बोलों परि पाळिलें वचन’. म्हणजे बोलू नये खरं, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ज्यांनी घरातला मृत्यू पाहिला आहे त्यांना हा सूर ओळखता येईल. भेटायला आलेला प्रत्येक जण ‘कसं झालं हो?’ विचारतो आणि आपण तेच ते सांगत राहतो. पुढे हे चरण येतात:

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥
लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें ।
वेवसाय देखें तुटी येतां ॥

आता नुसती क्रियापदं ओळीनं लिहा. आटिलें, नेला, मेली, वाटे, त्रासलों. पैसा आटला, मान गेला, बायको मेली, मग लाज, मग धंद्यातली तूट. बायकोचं मरण या रांगेत तिसरं उभं आहे. तिचं नाव नाही, ती कशी होती हे नाही, तिच्यासाठी एक विशेषण नाही. ‘स्त्री एकी’, एवढंच. पुढच्याच श्वासात धंद्याची गोष्ट येते. आमच्या खोलीत पहिल्यांदा ऐकणारे इथं दचकतात. त्यांना म्हणायचं, आता पुन्हा वाचा आणि सांगा, या चार ओळींत आवाज कोणाचा ऐकू येतो? ‘अन्न अन्न’. सगळ्या हिशेबात फक्त तिचे शब्द जसेच्या तसे राहिले आहेत, दोनदा. ज्याचं मन सुन्न झालं आहे त्याला चेहरा आठवत नाही, भावना सांगता येत नाही, पण शेवटचा आवाज कानात तसाच अडकून बसतो. माझ्या मते मराठीत दुःखावर लिहिलेल्या सगळ्या ओळींत ही सगळ्यात कमी शब्दांची आणि सगळ्यात जड ओळ आहे.

याच्या शेजारी दुसरा अभंग ठेवा:

बाप मेला न कळतां । नव्हती संसाराची चिंता ॥
विठो तुझें माझें राज्य । नाहीं दुसऱ्याचें काज ॥
बाईल मेली मुक्त जाली । देवें माया सोडविली ॥
पोर मेलें बरें जालें । देवें मायाविरहित केलें ॥
माता मेली मज देखतां । तुका म्हणे हरली चिंता ॥

हा अभंग वैराग्याचा म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेच. कीर्तनकार ‘बरें जालें’ वर छान निरूपण करतात. ते ऐकावंच. पण वाचताना एक गोष्ट करून बघा. प्रत्येक मृत्यूच्या चरणाचे दोन तुकडे करा. डावीकडे मरण, उजवीकडे त्याचा निकाल. मेला, चिंता नव्हती. मेली, मुक्त झाली. मेलं, बरं झालं. मेली, चिंता हरली. चार वेळा तोच साचा. एवढी मरणं एकाच साच्यात बसवणाऱ्या माणसाचा हात दगड झालेला असतो. मग जिथं साचा किंचित हलतो तिथं थांबा. तिथं आहे ‘मज देखतां’. बापाचं मरण ‘न कळतां’ झालं, बायको आणि पोर यांच्या मरणाजवळ तुकोबा स्वतःला उभंच करत नाहीत. आईच्या वेळी मात्र डोळे उघडे आहेत. पेन्सिलीची रेघ बहुतेकांची इथंच पडलेली असते.

कोणी विचारतं, मग हे वैराग्य की बधिरपणा? मला दोन्ही एकाच ओळीत राहताना दिसतात. पोर मेलेल्या बापानं ‘बरं झालं’ म्हणणं आधी सुन्न माणसाचं बोलणं असतं. त्याला देवाचा आधार मिळाला म्हणून त्याचं वैराग्य झालं. आधीची पायरी पुसून नंतरची तेवढी शिकवली तर तुकोबांनी काय सोसलं ते कळत नाही.

शरीर काय करतंय ते बघा

इथं मी बहिणाबाईंकडे येते आणि रेंगाळते, कारण त्यांचं माहेर असोदे माझ्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि ही भाषा माझ्या आजीची आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता त्या गाणी रचून म्हणायच्या आणि ती दुसऱ्यांनी उतरवून घेतली. 1951 मध्ये त्या गेल्या आणि त्यानंतर 1952 मध्ये त्यांच्या गाण्यांचं पुस्तक आलं. तरुणपणी वैधव्य आलं त्यावर त्या म्हणतात:

अरे रडता रडता
डोळे भरले भरले
आसू सरले सरले
आता हुंदके उरले

बोटांवर अक्षरं मोजा. प्रत्येक ओळीत आठ. चारही ओळी सारख्या. अर्थ असा की पाणी संपलं, पण छाती अजून हिसके देते आहे. रडण्याचं कारण आणि रडण्याचं पाणी दोन्ही बाजूला पडून नुसती हालचाल उरली आहे. पुढे त्या स्वतःच्याच जिवाला समजावतात, ‘असा आसवाबिगर रडू नको माझ्या जीवा’. आसवांशिवाय रडू नकोस. ‘रडू नकोस’ असं तर सगळेच सांगतात. इथं मात्र ज्याला पाझर फुटत नाही अशा कोरड्या रडण्याची भीती आहे. माझ्या शेजारच्या एका काकूंनी ही ओळ ऐकून नुसती मान हलवली होती, बराच वेळ. त्यांना कवितेचं काहीही समजावून सांगावं लागलं नाही.

आणि मग हे:

सांग सांग धर्तीमाता
अशी कशी जादू झाली?
झाड गेलं निंघीसनी
मांघे सावली उरली

झाड नाही आणि सावली आहे. मागे राहिलेली बाई म्हणजे ती सावली, असाही अर्थ लागतो. घरात त्या माणसाच्या वेळा, त्याची जागा, त्याच्यासाठी अजून बाजूला काढली जाणारी भाकरी, ही सावली असंही म्हणता येतं. दोन्ही अर्थ उभे राहू द्यावेत. एक गोष्ट मात्र सोडू नये: बाईंनी इथं ‘दुःख’ म्हटलेलं नाही, ‘जादू’ म्हटलं आहे. सुन्न मनाला जग तसंच दिसतं, कुठेतरी चमत्कारिक, नियम मोडलेलं.

आठ अक्षरांच्या सारख्या ओळी हाही इथं अर्थाचाच भाग आहे. जात्याची पाळी फिरत राहते. बाई विधवा झाली म्हणून दळण थांबत नाही. ठेका चालू आहे म्हणून बाई चालू आहे. सुन्नपणाच्या कवितेत लय अनेकदा जास्तच काटेकोर असते याचं कारण हेच. आत काही धरून ठेवता येत नाही तेव्हा माणूस बाहेरची चौकट घट्ट पकडतो.

हेच दूरच्या एका बाईनंही पाहिलं. अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट गावात राहणाऱ्या एमिली डिकिन्सननं 1862 च्या सुमारास एक छोटी कविता लिहिली. ती छापली गेली 1929 मध्ये, तिच्या मृत्यूनंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. मोठ्या वेदनेनंतर एक औपचारिकपणा येतो, असं ती सुरुवातीलाच सांगते. नसा थडग्यांसारख्या समारंभाला बसल्यागत ताठ बसतात. पाय यंत्रासारखे फिरत राहतात. हे सोसलं ते काल की कित्येक शतकांपूर्वी, हे मनाला कळेनासं होतं. शेवटी ती बर्फात गोठणाऱ्या माणसाच्या तीन पायऱ्या सांगते: आधी गारठा, मग गुंगी, मग हात सोडून देणं. मधल्या कडव्यात ओळींची लांबी विस्कटते, लय ठेचकाळते, आणि शेवटी पुन्हा सावरते. बहिणाबाईंचा ठेका अखंड राहतो, हिचा मध्येच तुटतो. दोघींची कविता एका बैठकीत वाचली तर बधिरपणाचे दोन वेगळे स्वभाव ऐकू येतात.

बोलणारा कशाबद्दल बोलतोय?

गोविंदाग्रजांची, म्हणजे गडकऱ्यांची, ‘राजहंस माझा निजला’ जुन्या पिढीला पाठ असायची. एकुलतं मूल गेलेली तरुण विधवा आई ते गेलंय हे मानायलाच तयार नाही. ती म्हणते, बाळ झोपलं आहे, गलबला करू नका. ही कविता वाचताना दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. कवी स्वतः जे सांगतो त्याला एक रंग, आई जे बोलते त्याला दुसरा. कवी आईच्या काळजाबद्दल पुष्कळ सांगतो. मला तो भाग जास्त वाटतो. आईचे शब्द मात्र अजूनही तसेच धारदार आहेत, कारण ती मरणाबद्दल बोलतच नाही. ती आपलं रोजचं काम करते आहे, बाळाची झोप राखते आहे. नुसत्या दुसऱ्या रंगाच्या ओळी सलग वाचा.

बालकवी यातलं काहीच न सांगता सगळं वस्तूवर सोपवतात. ते आमच्या धरणगावचे, 1890 चा जन्म, आणि 1918 मध्ये जळगावजवळच्या भादलीला रेल्वेखाली गेले. ‘पारवा’ची सुरुवात बघा:

भिंत खचली कलथून खांब गेला
जुनी पडकी उद्ध्वस्त धर्मशाळा
तिच्या कौलारीं बसुनि पारवा तो
खिन्न नीरस एकांतगीत गातो

‘खिन्न’ हा शब्द झाकून वाचून बघा. मला वाटतं ‘नीरस’ या शब्दानंच काम होतं. रस नसलेलं गाणं, तरी चालू असलेलं. धर्मशाळा निवडण्यातही मोठी जाण आहे. घर पडलं तर त्याचे मालक आठवतात. धर्मशाळेत जो तो एका रात्रीचा, त्यामुळे तिच्यासाठी रडणारं कोणीच नसतं.

एक सावधगिरी. ‘हर्षखेद ते मावळले, हास्य निमालें, अश्रु पळाले’ ही ओळ कोणी दाखवली तर ती या वर्गात टाकू नका. ती केशवसुतांची ‘झपूर्झा’ आहे. तिथंही काटे बोथट झाले आहेत, मखमालीची लव वठली आहे, पण तो आनंदाच्या पलीकडे गेलेल्या माणसाचा अनुभव आहे. ओळखायची खूण अशी की त्या कवितेला पुढे जाण्याची ओढ आहे, ‘काय म्हणावें या स्थितिला?’ असं ती उत्साहानं विचारते. शोकानं सुन्न झालेली कविता असं कुतूहल दाखवत नाही.

स्वतः लिहायचं असेल तर

घाई नको. पहिल्या दिवसांत फक्त टिपणं ठेवा: कोण आलं, काय बोललं, तुम्ही हातानं काय केलं. तारीख घाला. कवितेचा विचार करू नका.

पुढे कधी लिहायला बसलात की कागदाच्या वरच दुःख, वेदना, अश्रू, विरह, आठवण, काळीज हे शब्द लिहून त्यांच्यावर काट मारा. ते वापरायचे नाहीत. टिपणांतून तीन-चार कामं निवडा. जितकं क्षुल्लक तितकं चांगलं. मग आठ अक्षरांची ओळ धरा. आपल्या ओव्यांनी हे माप कानात बसवून ठेवलेलं आहे, त्यामुळे वृत्त शिकायची गरज पडत नाही. अर्धं अक्षर पुढच्या अक्षरासोबत मोजायचं, आणि अनुस्वार वेगळा धरायचा नाही.

माझे वडील गेल्यावर दहाव्याच्या टिपणांतून मी लिहिलेल्या ओळी अशा:

भाडं दिलं मंडपाचं
पावती नीट ठेवली
कावळ्याला वेळ झाला
कोणी घड्याळ पाहिलं
उरलेला चहा सारा
मोरीत ओतून दिला
त्यांचा कप

सहा ओळींत आठ-आठ अक्षरं, सातवीत चार. मोडायचं ते एकदाच, आणि जिथं मोडतं तिथं वाक्य पूर्ण करायचं नाही. ‘त्यांचा कप फुटला’, ‘त्यांचा कप तसाच होता’, असं काहीही लिहिलं की वाचणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही. कोण गेलं तेही कवितेत आलेलं नाही. ‘त्यांचा’ एवढ्यावर भागतं, कारण कावळा आणि मंडप बाकीचं सांगून टाकतात. वडिलांच्या पिंडाला कावळा शिवेपर्यंत किती वेळ गेला हे मला खरंच आठवत नाही. समोर कोणीतरी घड्याळ पाहत होतं, त्याच्या मनगटावरचा तो काळा पट्टा मात्र आजही दिसतो. टिपणात तेवढंच होतं, म्हणून कवितेत घड्याळ आलं.

लिहून झाल्यावर उपमा शोधा. एखादी सापडली तर ती काढून ओळ उभी राहते का बघा. बहुतेक वेळा राहते. सुन्न माणसाला एक वस्तू दुसरीसारखी दिसत नाही. त्याला कप दिसतो, कपच दिसतो.

चार जणांत वाचायची झाली तर

गोल बसा, मोबाईल बाजूला ठेवा, एका बैठकीत दोनच कविता घ्या. कविता झाल्यावर ‘कसं वाटलं?’ विचारू नका. नुकतं दुःख झालेल्या माणसाला त्याचं उत्तर नसतं, आणि उत्तर नाही याचा त्याला आणखी अपराध वाटतो. त्याऐवजी विचारा, ‘रेघ कुठे मारलीत?’ बोट ठेवून ओळ दाखवणं सगळ्यांना जमतं. ज्याला काहीच दाखवायचं नसेल त्याला पुढच्या कवितेचा कागद द्या आणि वाचायला सांगा. आमच्याकडे अशी माणसं आहेत जी अनेक बैठकांत फक्त वाचायचं काम करतात, आणि ती आमची सगळ्यात चांगली वाचक आहेत.

कविता हा उपचार नव्हे हेही सांभाळावं. कोणाचं महिनोन्‌महिने जेवण-झोप उडालेली असेल, जगण्यावरची वासनाच गेल्याचं ते बोलत असतील, तर त्यांना डॉक्टरांकडे न्या. मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदत देणाऱ्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक आम्ही खोलीतल्या फळ्यावर लिहून ठेवला आहे.

शेवटचं काम घरातलं. आई, आजी, मावशी, आत्या यांच्यापैकी कोणाला जात्यावरच्या, माहेरच्या, मरणाच्या ओव्या येत असतील तर त्यांच्याजवळ बसून उतरवून घ्या. नुसतं ‘म्हण ना’ म्हटलं तर त्यांना आठवत नाही. हाताला काम असलं की आठवतं, म्हणून शेंगा फोडायला किंवा भाजी निवडायला सोबत बसा. परवानगी घेऊन मोबाईलवर आवाज घ्या आणि मग सावकाश लिहा. लिहिताना बोली पुस्तकी करू नका. बहिणाबाईंच्या ‘झाड गेलं निंघीसनी’चं ‘झाड गेलं निघून’ केलं तर आठाची सात अक्षरं होतात आणि पाळी अडते. तुमच्या आजीच्या ओवीचंही तसंच होईल. जो शब्द कळला नाही तो ऐकू आला तसा लिहा, पुढे प्रश्नचिन्ह टाका, आणि दुसऱ्या दिवशी तिलाच पुन्हा विचारा.